भुंग्याची नाव

आमच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिला शब्द कानावर येतो तो "थांबा!" या-बसा, चहा-पाणी सगळं नंतर. माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना वहिनी म्हणते, तिथे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात, आणि त्यांची अशी ठाम समजूत आहे की बिघडलेलं यंत्र घेऊन आलेला माणूस मोकळा सोडला, तर दारापासून टेबलापर्यंत येईस्तोवर तो आणखी दोन गोष्टी बिघडवून ठेवेल. म्हणून आधी थांबा. बटण दाबू नका, वायर ओढू नका, पडद्याला बोट लावू नका. सगळी वस्ती त्यांना थांबाबाई म्हणते. पोस्टमनसुद्धा पत्र हातात धरून दारात आपणहून थांबतो.

मी वरच्या मजल्यावर शिवणकाम करते. खाली काय बोलणं चाललंय ते जिन्यातून मला बऱ्यापैकी ऐकू येतं, आणि जे येत नाही ते मी मोजपट्टी शोधायच्या निमित्तानं खाली जाऊन ऐकून येते. खोटं कशाला सांगू?

वहिनी तीस वर्षं एका कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळी कचेरी त्याच्यापासून चार हात लांब उभी होती. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात त्याचं झाकण उघडून आत धूळ किती साचलीय ते पाहिलं. साहेब ओरडले. वहिनी म्हणाल्या, "टाइपरायटर मीच पुसत होते, हा कोण पुसणार?" पुढे कचेरीनं जुनी यंत्रं भंगारात काढली तेव्हा त्यातली तीन आमच्या घरी आली. मग तिनाची पाच झाली. माझे थोरले दीर शांत गृहस्थ. खिडकीजवळची त्यांची आवडती खुर्ची एका मॉनिटरनं बळकावली त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "चला, निदान हा बोलत तरी नाही," आणि पेपर घेऊन गच्चीत गेले.

वहिनींच्या कामाची पद्धत अंत पाहणारी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती वहीत लिहायची, मग यंत्र सुरू करून बघायचं. काही फरक नाही? बदललेलं होतं तसं करायचं आणि दुसरं काहीतरी बदलायचं. मी शिवणारी बाई, एका बैठकीत ब्लाउज पुरा करणारी. मला हे बघूनच घाम फुटतो.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर "आपोआप" असा मथळा आहे. कारण गिऱ्हाईक कुणीही असो, "काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं: "मी काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं." अशी सगळी आपोआपं वहिनी तिथे टिपून ठेवतात. एका मास्तरांचा कीबोर्ड आपोआप एकच अक्षर उमटवत सुटायचा. उलटा करून झटकल्यावर आतून अर्धं बिस्कीट पडलं. एका बाईंचा प्रिंटर आपोआप कागद चावायचा. आत केसांची पिन निघाली. पिन त्यांच्या सासूबाईंची होती, त्यामुळे पुढचा अर्धा तास दुरुस्तीपेक्षा समजूत काढण्यातच गेला. "आपोआप काही होत नसतं," वहिनींचं म्हणणं. "कुणाचा तरी हात लागलेला असतो. तो हात सापडला की दुरुस्ती झालीच म्हणायची."

तर त्या सोमवारी बरोबर चारच्या ठोक्याला मापसाहेब आले. हे नाव आमचं, त्यांच्या पाठीमागे घ्यायचं. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात गेली आणि बोलणंही तसंच झालं, तोलूनमापून. गेल्या वर्षी वहिनींनी निवृत्त मंडळींसाठी महिनाभर मराठी टायपिंगचा वर्ग घेतला होता, त्यात ते पहिल्या रांगेत ताठ बसायचे. म्हणून ते वहिनींना "बाई" म्हणतात आणि वहिनी त्यांना "साहेब".

"थांबा!" वहिनी म्हणाल्या.

"थांबलोच आहे, बाई." काखेत टॉवेलात गुंडाळलेला सीपीयूचा डबा होता. वहिनींनी तो स्वतःच्या हातानं उतरवून घेतला.

"काय होतंय याला?"

"एक खेळ आहे. तो सुरू होत नाही. पडदा काळा होतो, क्षणभर तसाच राहतो आणि परत पहिल्यासारखा होतो. बाकी यंत्र व्यवस्थित आहे."

मी जिन्यात होते तिथेच खाली बसले. मापसाहेब आणि कॉम्प्युटरवरचा खेळ! ज्यांनी उभ्या आयुष्यात रस्ता कधी तिरका ओलांडला नसेल, ते साहेब!

पण पुढचं ऐकलं आणि माझं हसू जिरलं. त्यांचा मुलगा येणार होता. शनिवारी सकाळी येऊन सोमवारी दुपारी परत. तेही कशाला, तर कपाटातली त्याची कागदपत्रं न्यायला. मुलाची गोष्ट आम्हाला अर्धीमुर्धी ठाऊक होती. चार वर्षांपूर्वी त्याची आई गेली. त्यानंतर सहा महिन्यांत त्यानं पक्की नोकरी सोडली आणि दूरच्या शहरात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काम धरलं. मापसाहेबांनी त्यावर जे काय बोलायचं ते एकदाच बोलून घेतलं असावं. तेव्हापासून महिन्यातून एकदा फोन: कसा आहेस, बरा आहे, बरं. संपलं.

"बाई, दोन दिवस आहेत," मापसाहेब म्हणाले. "आमच्याकडे बोलायला काही नाही. पूर्वीही फार नव्हतं. हा खेळ तेवढा होता. तो असला की आम्ही शेजारी शेजारी बसायचो."

खेळ साधा होता. एक नाव, एक नदी, दोन वल्ही. डावं वल्हं एकानं मारायचं, उजवं दुसऱ्यानं, एकाच कीबोर्डावर. दोघांची लय जुळली तर नाव सरळ जाणार, नाही तर जागच्या जागी गिरक्या घेणार. नदीच्या शेवटी एक धबधबा, तो यांना कधीच ओलांडता आला नव्हता. मुलगा दहा वर्षांचा असल्यापासून नाव तिथेच बुडत आली होती.

"शेवटचा कधी चालला होता?" वहिनींनी वही उघडली.

"तो घरी होता तेव्हा. एकट्याला चालत नाही तो खेळ. परवा त्याचा फोन आला म्हणून लावून बघितला, तर हे असं."

"मधल्या काळात काय बदललं?"

"काहीही नाही. मी हातसुद्धा लावलेला नाही. आपोआप झालं."

वहिनींनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक तोंडात धरलं.

मंगळवारी वहिनींना पहिला दोष सापडला. आतली घड्याळाची बटणासारखी बॅटरी मेली होती, त्यामुळे यंत्र रोज सकाळी उठून वीस वर्षांपूर्वीची तारीख सांगत होतं. नवी बसवली. यंत्र शहाण्यासारखं आजच्या दिवसात आलं. खेळ मात्र काळा पडदा दाखवून गप्प. चार वाजता मापसाहेब आले, उभ्या उभ्या "झालं?" म्हणाले, "नाही" ऐकून गेले.

बुधवारी वहिनींनी रंग कमी करून पाहिले, कारण जुन्या खेळांना हल्लीचे लाखो रंग झेपत नाहीत, मोजके लागतात. मग पडद्याचा आकार कमी केला. मग यंत्राला सांगितलं की या खेळापुढे तू स्वतः आणखी दहा वर्षं जुनं असल्याचं सोंग घे. खेळाची मूळ सीडी मऊ कापडानं पुसून परत घातली. दर वेळी काळा पडदा, दर वेळी वहीत एक फुली. संध्याकाळी वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी हात टेकलेले मी फार कमी वेळा पाहिलेत.

"सांगून टाका ना त्यांना, नाही होत म्हणून," मी म्हटलं. "पत्ते खेळतील दोघं. खेळांचा काय दुष्काळ पडलाय?"

"तुला कळत नाही," वहिनी फाडकन म्हणाल्या. "पत्ते खेळताना समोरासमोर बसावं लागतं. इथे दोघं पडद्याकडे बघतात. या माणसाला मुलाकडे बघायचं धाडस नाहीये गं." मला खरंच कळलं नव्हतं. मी मुकाट्यानं वर गेले.

गुरुवारी दुपारी मी काजं करत बसले होते तेवढ्यात खालून हाक आली, "अगं, खाली ये. आधी ये."

बंद पडलेला खेळ मरता मरता आपल्या फोल्डरमध्ये कारणाची चिठ्ठी लिहून ठेवतो, हे मला त्या दिवशी समजलं. वहिनींनी ती चिठ्ठी उघडली होती. इंग्रजीत एवढंच होतं की अमुक ठिकाणची फाईल सापडत नाही. पण त्या ठिकाणाच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती.

"मोज," वहिनी म्हणाल्या.

मी मोजली. नऊ प्रश्नचिन्हं, मग मोकळी जागा, मग तीन.

"नऊ ठोके, जागा, तीन ठोके," वहिनींची बोटं टेबलावर वाजत होती. "हे मराठी आहे. हे माझ्या वर्गात शिकवलेल्या पद्धतीनं टाइप केलेलं मराठी आहे." आणि त्यांनी फोल्डर कुठल्या नावानं ठेवलाय ते उघडून दाखवलं. तिथे स्वच्छ देवनागरीत लिहिलं होतं: भुंग्याची नाव.

"बघ. एवढ्या जुन्या खेळाला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही वाचता येत नाही. त्याला स्वतःच्याच घराचा पत्ता वाचता येईना, म्हणून तो दारातूनच परत फिरत होता. मी तीन दिवस नाव तपासत बसले. दोष नावेत नाही, नावात आहे!"

मी हसणार होते, पण वहिनींचा चेहरा पडला होता. त्यांनी वर्गाची जुनी वही काढली आणि एका पानावर बोट ठेवलं. शेवटच्या दिवसाचा गृहपाठ: घरी जाऊन आपल्या कॉम्प्युटरवरच्या आवडत्या एका फोल्डरला मराठीत नाव द्या.

"हात माझाच होता," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पेन उचलून "आपोआप"च्या पानावर, बिस्किटाच्या आणि पिनेच्या खाली, सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. अशा वेळी मला माझ्या जावेचा फार अभिमान वाटतो. तोंडावर कधी सांगत नाही, डोक्यावर बसतील.

चार वाजता मापसाहेब आले. वहिनींनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं, गृहपाठासकट. ऐकताना त्यांचे कान लाल होत गेले.

"नाव दिलं म्हणजे हात लावला असं होतं, हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"भुंगा म्हणजे...?" मी विचारलंच. माझ्या जिभेला हाड नाही.

"मुलगा. लहानपणी सारखा गुणगुणत घरभर फिरायचा, म्हणून ही त्याला भुंगा म्हणायची. आम्ही खेळत असलो की मागे उभी राहून ओरडायची, वल्हव रे भुंग्या. मी कधी म्हटलं नाही. मी त्याला पूर्ण नावानं हाक मारायचो, आडनावासकट." मापसाहेबांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "जन्मभर त्याला नावं ठेवत आलो, बाई. अभ्यासाला, केसांना, नोकरीला, नोकरी सोडण्याला. तुम्ही तो गृहपाठ दिलात, तेव्हा वाटलं, एकदा नुसतं नाव ठेवून बघू."

गच्चीतून खाली आलेले माझे दीर दारातूनच परत वर गेले.

"काढून टाका ते," मापसाहेब उठत म्हणाले. "इंग्रजी काहीही लिहा. खेळ चालल्याशी कारण."

"थांबा!" वहिनी म्हणाल्या. "बसा आधी. आत, फोल्डरला, त्याला वाचता येईल असं इंग्रजी नाव देते. ते त्याचं कागदोपत्री नाव. पण पडद्यावर, जिथे दोनदा टिचकी मारून खेळ उघडायचा ना, तिथल्या चित्राखाली आपल्याला हवं ते लिहिता येतं. त्यानं खेळाचं काही बिघडत नाही. ते घरातलं नाव."

"पण मग ते समोरच दिसेल."

"दिसेल."

"त्याला."

"हो, त्यालाच."

मापसाहेबांनी टॉवेलची घडी परत मोडली. "आत होतं तेच बरं होतं," ते हळूच म्हणाले.

"आत होतं म्हणूनच बंद पडलं, साहेब."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी शिंकेवर ढकललं. "ठेवा बाहेर," मापसाहेब म्हणाले.

मग चाचणी घ्यायची होती. दोन माणसं लागणार, म्हणून डावं वल्हं वहिनींनी धरलं आणि उजवं मापसाहेबांनी. काळा पडदा आला, मी श्वास रोखला, आणि खळखळ करत निळीशार नदी उघडली. पुढे जे झालं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. टायपिस्टबाईंची बोटं सुसाट आणि मापसाहेब प्रत्येक वल्हं मोजूनमापून मारणार. नाव भोवऱ्यासारखी गरगर फिरली, काठावर आपटली, उलटी वाहत गेली. "जोर कमी, बाई!" "तुम्ही वाढवा की, साहेब!" मी जिन्याच्या कठड्याला धरून हसले. मधेच आमच्या चाचणीच्या जुन्या कीबोर्डावर मापसाहेबांचं उजवं बटण अडकतंय हे लक्षात आलं. वहिनींनी ठोकून पाहिलं, मापसाहेबांच्या घरच्या कीबोर्डातही तसाच दोष असल्याचं कळलं, तेव्हा कपाटातला स्वतःचा चांगला कीबोर्ड काढून दिला. "मुलगा गेला की परत आणा," म्हणाल्या. मापसाहेबांनी डबा टॉवेलात गुंडाळला, कीबोर्ड त्यावर ठेवला आणि रस्ता ओलांडून गेले. या खेपेला चक्क तिरके गेले.

शनिवार गेला, रविवार गेला. वहिनींनी रविवारी एकच मॉनिटर तीनदा पुसला.

सोमवारी अकराच्या सुमाराला दारात तिशीचा एक तरुण आला. काखेत आमचा कीबोर्ड.

"थांबा!" वहिनी सवयीनं म्हणाल्या. तो थांबला, मग त्यांनीच ओळखलं. "अरे, तू होय? ये, ये."

"काकू, हा परत द्यायला आलो. दीडची गाडी आहे. बाबांनी सांगितलंय, आभार मानून ये." त्यानं कीबोर्ड टेबलावर ठेवला. आभार मानले. पण गेला नाही. खिशातून तिकिटाचा कागद अर्धा डोकावत होता, तो त्यानं आत सारला, आणि तो परत वर आला.

"धबधबा पार झाला का?" मी जिन्यातूनच विचारलं.

"नाही, दोनदा बुडालो," तो हसला. "दोन दिवस बाबा नुसते 'डावीकडे, डावीकडे' म्हणतायत. बाकी काही बोलले नाहीत." मग हसू विरलं. "काकू, एक विचारू? पडद्यावर त्या खेळाखाली जे लिहिलंय... ते तुम्ही लिहिलंत?"

"नाही."

"कारण तसं फक्त आई म्हणायची. आणि आईला टाइप करता येत नव्हतं."

"तुझ्या बाबांनी लिहिलंय," वहिनी म्हणाल्या. "वर्ष झालं. आत कुठेतरी लिहून ठेवलं होतं, त्यानंच खेळ बंद पडला होता. मी फक्त ते आतलं बाहेर आणलं."

त्यानं एकदा बाहीनं तोंड पुसलं. मग टेबलावरचा कीबोर्ड त्यानं उचलला आणि परत काखेत धरला.

"हा अजून आठवडाभर ठेवला तर चालेल?"

"ठेव की. पण तुझी गाडी आहे ना दीडची?"

"तिकीट रद्द झालं."

वहिनींनी चष्म्यावरून त्याच्या खिशाकडे पाहिलं. कागद अजून तसाच डोकावत होता. "कसं काय रे?"

त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा पायांकडे.

"आपोआप," तो म्हणाला.

वहिनींचा हात सवयीनं वहीकडे गेला. मी जिन्यात टाचा उंचावून बघत होते. त्यांनी वही उघडली नाही, नुसती सरळ करून ठेवली.

"होतं असं कधीकधी," त्या म्हणाल्या.